प्रमाणाला कसोटीही हवी

प्रमाण ठरविणे ही एक गोष्ट झाली. ते प्रत्यक्षात पाळले जाते की नाही हे तपासणे ही सर्वस्वी दुसरी. किलोग्रॅम म्हणजे किती हे कायद्याने ठरलेले असते. परंतु दुकानदाराच्या तागडीतील वजनावर निरीक्षकाचा शिक्का नसेल, तर त्या कायद्याचा गिऱ्हाइकाला काहीही उपयोग नाही. वजनमापांच्या बाबतीत हे आपणास सहज पटते. ज्या प्रोग्रॅमांच्या आधारे आज पगारपत्रके निघतात, गुणवत्ता याद्या लागतात आणि बँकांची खाती जुळविली जातात, त्यांच्या बाबतीत मात्र हा विचार फारसा कोणी करीत नाही. ‘हे आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार आहे’ असे विक्रेत्याने म्हटले की आपले समाधान होते. ते प्रमाण कोणी तपासले, कोणत्या यंत्रांवर तपासले, असा प्रश्न विचारला जात नाही. तो का विचारला पाहिजे, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

विषय तांत्रिक असला तरी त्याचा गाभा समजण्यास कठीण नाही. माणसाने सी किंवा सी प्लस प्लस यांसारख्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. पण अक्षरे छापणे, मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेणे, नावे क्रमाने लावणे, तारखा मोजणे ही नित्याची कामे प्रत्येकाने नव्याने लिहावयाची नसतात. ती करणारे तयार भाग भाषेबरोबरच मिळतात आणि त्यांच्या संग्रहाला ‘स्टँडर्ड लायब्ररी’ म्हणजे प्रमाण लायब्ररी असे नाव आहे. प्रत्येक भागाने काय करावे हे आंतरराष्ट्रीय प्रमाणात लिहिलेले असते. ते कसे करावे हे मात्र बव्हंशी तयार करणाऱ्यावर सोपविलेले असते. त्यामुळे एकाच भाषेच्या अनेक लायब्रऱ्या असू शकतात, आणि आहेतही. त्या सर्व एकसारख्या वागतात का, हाच खरा प्रश्न आहे.

दोन यंत्रे, एक प्रोग्रॅम

हा प्रश्न संगणकाच्या व्यापारी वापराइतकाच जुना आहे. व्यापारी कामासाठी कोबोल ही भाषा अमेरिकेत आखली गेली, ती कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर तोच प्रोग्रॅम चालावा म्हणून. डिसेंबर १९६० मध्ये आरसीए कंपनीचे ५०१ आणि रेमिंग्टन रँडचे युनिव्हॅक २ या दोन अगदी भिन्न यंत्रांवर एकच कोबोल प्रोग्रॅम चालवून दाखविण्यात आला. गिऱ्हाईक एका कंपनीच्या दावणीला कायमचे बांधले जाणार नाही, असे आश्वासनच त्या प्रात्यक्षिकाने दिले.

परंतु एका प्रात्यक्षिकाने आश्वासन टिकत नाही. पुढे कंपन्यांच्या कंपायलरांत लहानमोठे फरक पडत गेले. १९६७ मध्ये अमेरिकी नौदलाने निवृत्त अधिकारी ग्रेस हॉपर यांना सेवेत परत बोलावले. त्यांच्या नेतृत्वाखाली कोबोलचे कंपायलर तपासण्यासाठी चाचणी-प्रोग्रॅमांचा संच तयार झाला. यथावकाश ही जबाबदारी तेथील राष्ट्रीय प्रमाण संस्थेकडे गेली. १९८५ च्या कोबोल प्रमाणासाठी तयार झालेल्या संचाचा उपयोग जीएनयू कोबोलसारखा मुक्त कंपायलर आजही आपली परीक्षा घेण्यासाठी करतो. सार्वजनिक पैशातून झालेले असे काम एखाद्या कंपनीच्या उत्पादनापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकते, हे यावरून दिसते.

एडा या भाषेबाबत अमेरिकी संरक्षण खाते आणखी एक पाऊल पुढे गेले. भाषेचे नावच खात्याने आपल्या ताब्यात ठेवले आणि ठराविक चाचणीसंच पार न केलेल्या कंपायलरला ते लावता येऊ नये अशी सुरुवातीच्या वर्षांत व्यवस्था केली. सरकार हेच मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे त्याची अट बाजाराला मान्य करावी लागली.

पर्यायाची गरज

सी प्लस प्लसच्या बाबतीत मात्र असा एखादा मोठा धनी नव्हता. अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी ह्यूलेट पॅकार्डच्या प्रयोगशाळेत याद्या, कोष्टके व क्रमवारी यांसाठी ‘एसटीएल’ नावाची लायब्ररी रचली. जुलै १९९४ मध्ये प्रमाण समितीने तिचा स्वीकार केला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने ती सर्वांना मोफत खुली केली. भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण मात्र १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मधल्या काळात आणि त्यानंतरही काही वर्षे प्रत्येक कंपायलरची भाषेची समज वेगवेगळी होती. मायक्रोसॉफ्टच्या १९९८ मधील प्रसिद्ध कंपायलरलाही भाषेची काही महत्त्वाची अंगे पेलत नव्हती.

या अडचणीतून ‘एसटीएलपोर्ट’ ही पर्यायी लायब्ररी पुढे आली. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने खुली केलेली एसटीएलची आवृत्ती घेऊन ती शक्य तितक्या कंपायलरांवर चालेल अशी करणे, हे तिचे उद्दिष्ट होते. कंपायलरबरोबर आलेली लायब्ररी बाजूला ठेवून सगळीकडे ही एकच वापरली की प्रोग्रॅम सगळीकडे सारखा वागेल, असा हिशेब होता. सन कंपनीने तर जुन्या गिऱ्हाइकांचे तयार प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून आपली जुनी लायब्ररी तशीच ठेवली आणि नव्यांसाठी एसटीएलपोर्टचा पर्याय सोबत दिला. दोन्हींवर तयार केलेले भाग मात्र एका प्रोग्रॅममध्ये मिसळता येत नसत.

पर्याय आला म्हणजे तपासणीचे काम कमी झाले, असे कोणास वाटेल. वस्तुतः ते वाढते. समजा, चार कंपायलर आहेत, तीन लायब्रऱ्या आहेत, तीन कार्यप्रणाली आहेत आणि भाषेच्या चार आवृत्त्या चालू आहेत. या सर्वांच्या जोड्या १४४ होतात. त्यांतील काही जोड्या संभवत नाहीत असे धरले, तरी शंभराच्या आसपास उरतात, आणि लायब्ररीत एक ओळ बदलली की प्रत्येक जोडीवर परीक्षा नव्याने घ्यावी लागते. ‘बूस्ट’ या मुक्त लायब्ररीसमूहाच्या स्वयंसेवकांनी हे काम वर्षानुवर्षे केले. एका बाजूला लायब्रऱ्यांची नावे, दुसऱ्या बाजूला कंपायलर व प्रमाण लायब्ररी यांच्या जोड्या आणि प्रत्येक चौकटीत उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, अशी त्यांची कोष्टके कोणालाही पाहता येत. शाळेच्या निकालपत्रकासारखेच हे पत्रक होते. फरक इतकाच, की येथे नापास झालेला विद्यार्थी कधी लायब्ररी असे, कधी कंपायलर, तर कधी प्रश्नपत्रिकाच.

दोष कोणाचा?

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एकच प्रोग्रॅम दोन लायब्रऱ्यांवर निरनिराळे उत्तर देऊ लागला, तर त्याची तीन कारणे संभवतात. लायब्ररीत दोष असेल, प्रोग्रॅममध्ये दोष असेल किंवा प्रमाणानेच ती बाब मोकळी सोडलेली असेल. पहिला दोष सरळ असतो. तो दाखविला की दुरुस्त होतो. खरी गुंतागुंत पुढच्या दोहोंत आहे.

प्रोग्रॅममधील दोषाचे उदाहरण २०१० मध्ये गाजले. सी भाषेच्या लायब्ररीत मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरविणारा ‘मेमसीपीवाय’ नावाचा भाग आहे. दोन्ही जागा एकमेकींत गुंतलेल्या असतील तर तो वापरू नये, त्यासाठी दुसरा भाग आहे, असे प्रमाण स्पष्ट सांगते. लिनक्सवरील जीलिबसी या लायब्ररीने वेग वाढविण्यासाठी काही प्रोसेसरांवर हा मजकूर उलट दिशेने उतरविण्यास सुरुवात केली, आणि फ्लॅश प्लेअर या तेव्हा सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमचा आवाज खरखरू लागला. फ्लॅशने नियम मोडला होता, हे खरेच. पण जुन्या लायब्ररीवर तो अनेक वर्षे सुरळीत चालला होता. लायब्ररीवाले प्रमाणाकडे बोट दाखवीत होते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मात्र वापरणाऱ्याची बाजू घेतली. शेवटी तयार असलेल्या जुन्या प्रोग्रॅमांना जुनी वागणूक आणि नव्यांना नवी, अशी तडजोड झाली. अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम या प्रसंगाला तंतोतंत लागू पडतो: वापरणारे पुरेसे असतील, तर वस्तूच्या प्रत्येक दृश्य वागणुकीवर कोणी ना कोणी अवलंबून राहतो, मग ती वागणूक कराराने दिलेली असो वा नसो.

तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण शिक्षकांना जवळचे वाटेल. प्रवेश अर्ज आले त्या क्रमाने नावांची यादी केली आहे, आणि ती आता गुणांनुसार लावावयाची आहे. सी प्लस प्लसमध्ये यासाठी ‘सॉर्ट’ आणि ‘स्टेबल सॉर्ट’ असे दोन भाग आहेत. समान गुण असलेल्यांचा मूळ क्रम राखण्याचे बंधन फक्त दुसऱ्यावर आहे. पहिल्यावर ते नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पहिला वापरला, तर ७८ गुण मिळविणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी वर कोण, हे लायब्ररी ठरविते. जागा एकच उरली असेल तर प्रवेश कोणाला, हेही तीच ठरविते. जीसीसी या मुक्त कंपायलरची लायब्ररी १६ पर्यंत नावे असली तर अशा पद्धतीने क्रम लावते, की समान गुणांचा मूळ क्रम आपोआप टिकतो. कार्यालयाने दहा नावांवर चाचणी घेतली तर सर्व ठीक दिसेल आणि खऱ्या यादीवर तोच प्रोग्रॅम निराळा वागेल. येथे लायब्ररीला दोष देता येत नाही. समान गुणांच्या बाबतीत काय करावयाचे हा नियम माणसांनी ठरवावयाचा होता. तो ठरविला नाही, म्हणून यंत्राने कसा तरी ठरविला.

अर्थशास्त्राच्या संशोधकांनाही यातून सुटका नाही. यदृच्छ अंकांवर आधारलेले प्रयोग आता आमच्या विषयात रूढ झाले आहेत. यदृच्छ अंक निर्माण करणाऱ्या ‘मर्सेन ट्विस्टर’ या पद्धतीबाबत सी प्लस प्लसचे प्रमाण इतके काटेकोर आहे, की प्राथमिक स्थितीपासून सुरुवात केल्यास दहा हजारावा अंक ४१२३६५९९९५ हाच आला पाहिजे, असे त्यात छापलेले आहे. लायब्ररी कोणतीही असो, ही परीक्षा एका मिनिटात घेता येते. पण त्याच अंकांपासून एक ते सहा यांमधील फासे टाकणे किंवा प्रसामान्य वितरण काढणे कोणत्या रीतीने व्हावे, हे प्रमाणाने सांगितलेले नाही. परिणामी बीज तेच आणि प्रोग्रॅम तोच असूनही दोन लायब्रऱ्यांवर निष्कर्षांचे आकडे वेगळे येतात. प्रबंधात लायब्ररीचे नाव व आवृत्ती नमूद केलेली नसेल, तर ते आकडे दुसऱ्या कोणास पडताळून पाहता येणार नाहीत.

क्रम बदलला आणि नोंद हरवली

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा मुद्दा वर्णक्रमाचा आहे. कोणते अक्षर आधी आणि कोणते नंतर हेही लायब्ररीच ठरविते. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसीच्या २.२८ या आवृत्तीत वर्णक्रमाची कोष्टके नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार बदलण्यात आली. सुधारणा योग्यच होती. परंतु पोस्टग्रेस या लोकप्रिय माहितीसंग्रह-प्रणालीतील मजकुराच्या सूच्या जुन्या क्रमाने रचलेल्या होत्या, आणि शोध नव्या क्रमाने सुरू झाला. त्यामुळे कार्यप्रणाली बदलल्यानंतर सूच्या नव्याने बांधल्या नाहीत, तर अस्तित्वात असलेली नोंद सापडेनाशी होण्याचा आणि एकदाच असावयास हवी ती नोंद दोनदा घुसण्याचा धोका निर्माण झाला. प्रोग्रॅमच्या एकाही ओळीत बदल झालेला नव्हता.

आता देवनागरीकडे पाहू. युनिकोडमध्ये ‘ळ’चा संकेतांक ‘ल’च्या लगेच पुढे, म्हणजे ‘व’च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, आणि क्ष व ज्ञ त्याच्याही नंतर. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाणभूत केलेली वर्णमाला अशीच आहे. या वर्णमालेनुसार कावळे, काशीकर, काळे हा क्रम बरोबर ठरतो. संकेतांकांनुसार मात्र काळे, कावळे, काशीकर असा क्रम लागतो. क्षीरसागर हे नाव वर्णमालेप्रमाणे यादीच्या शेवटी हवे. संकेतांकांनुसार ते ‘क’च्या जोडाक्षरांत जाऊन बसते.

सर्व लायब्रऱ्या या बाबतीत सारख्या नाहीत. जीलिबसी भाषेनुसार निराळी कोष्टके ठेवते. ‘मसल’ ही आटोपशीर पर्यायी सी लायब्ररी मात्र अशी कोष्टके पाहत नाही. संकेतांकांचा क्रम हाच तिचा क्रम. २०१४ पासून अल्पाइन लिनक्स या प्रणालीत मसल वापरली जाते आणि ही प्रणाली आकाराने लहान असल्यामुळे जगभर सर्व्हरांवर तिचा मोठा प्रसार झाला आहे. जुन्या सर्व्हरवर योग्य क्रमाने लागणारी मराठी नावे नव्या सर्व्हरवर चुकीच्या क्रमाने लागली, तर त्यात आश्चर्य नाही. कोणताही दिवा लाल होणार नाही, कोणताही प्रोग्रॅम बंद पडणार नाही. फक्त यादीत आपले नाव शोधणाऱ्याला ते अपेक्षित जागी सापडणार नाही.

खर्च कोणी सोसावयाचा?

येथे प्रश्न अभियांत्रिकीचा राहत नाही, अर्थशास्त्राचा होतो. चाचणीसंच ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरला म्हणून दुसऱ्यासाठी तो कमी होत नाही, आणि तयार करण्याचा खर्च एकाचा असला तरी लाभ सर्वांचा असतो. अशा वस्तूचे उत्पादन बाजारावर सोडले तर ते गरजेपेक्षा कमी होते, हे आमच्या विषयातील प्राथमिक सूत्र आहे. नव्या सोयीची जाहिरात करता येते. १४४ जोड्या तपासल्याची जाहिरात कोण करणार?

तरीही काही आशादायक गोष्टी घडल्या आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपली सी प्लस प्लस लायब्ररी सर्वांना खुली केली. एलएलव्हीएम या मुक्त प्रकल्पाच्या प्रतिस्पर्धी लायब्ररीचा चाचणीसंच ती स्वतःची परीक्षा घेण्यासाठीही चालविते. स्पर्धा मालात आणि सहकार्य मापात, ही विभागणी निकोप आहे.

सर्वांनी एकच लायब्ररी वापरली म्हणजे हा सारा व्याप टळेल, असा आक्षेप घेतला जातो. तो वरवर पटणारा असला तरी खरा नाही. एकच तराजू असेल तर तो खोटा आहे हे कधीच कळणार नाही. दोन स्वतंत्र लायब्रऱ्यांची उत्तरे भिन्न आली म्हणजेच प्रमाणातील मोकळी जागा किंवा प्रोग्रॅममधील दडलेली चूक उजेडात येते. एसटीएलपोर्टची कथाही हेच सांगते. कंपायलरांच्या स्वतःच्या लायब्रऱ्या सुधारल्या तशी तिची गरज कमी होत गेली. २०१८ मध्ये अँड्रॉइडच्या विकसन-संचातूनही ती काढून टाकण्यात आली. तिला अपयशी म्हणणे अन्यायाचे होईल. पर्याय उपलब्ध होता तोवर मूळ पुरवठादारांना स्वस्थ बसता आले नाही, हे तिचे कार्य.

आपल्याकडे काय व्हावे

आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत सी भाषा दीर्घकाळ टर्बो सी या कंपायलरवर शिकविली गेली. १९९० च्या सुमाराचा हा कंपायलर १९९८ च्या प्रमाणापूर्वीचा. पडदा पुसण्यासाठी त्यात असलेली ‘सीएलआरएससीआर’ ही आज्ञा प्रमाण लायब्ररीत नाहीच. तिच्यावर वाढलेला विद्यार्थी दुसऱ्या कंपायलरपुढे बसला की त्याचा पहिलाच प्रोग्रॅम अडतो, आणि भाषा चुकली की कंपायलर, हे त्याला उमगत नाही. एका दुकानाच्या वजनांनाच तो वजनमाप कायदा समजत आलेला असतो. प्रात्यक्षिकाचा प्रत्येक प्रोग्रॅम निदान दोन कंपायलरांवर चालवून दाखविलाच पाहिजे, एवढी एक अट अभ्यासक्रमात घातली तरी हा दोष पुष्कळ दूर होईल. उत्तम कंपायलर मोफत मिळत असताना त्यास पैशाचीही सबब सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट सरकारी खरेदीची. अमेरिकी नौदलाने कोबोलबाबत जे केले ते मोठे गिऱ्हाईक म्हणून राज्य सरकारलाही करता येईल. प्रोग्रॅम विकत घेताना तो दोन स्वतंत्र लायब्रऱ्यांवर तपासल्याचे पत्रक मागावे, आणि प्रणालीची आवृत्ती बदलताना तीच परीक्षा पुन्हा घेण्याचे बंधन करारात घालावे. गुणवत्ता यादीसारख्या कामात समान गुणांचा नियम आधी जाहीर व्हावा आणि त्याची परीक्षा खऱ्या आकाराच्या यादीवर घेतली जावी.

तिसरी गोष्ट केवळ आपणच करू शकतो. मराठी वर्णक्रमाची परीक्षा परदेशातील कोणी स्वयंसेवक घेणार नाही. ‘काळे’ आधी की ‘कावळे’, हा प्रश्न त्याला पडणारच नाही. वर्णमाला शासनाने ठरविली आहे. तिच्या आधारे हजारभर शब्दांची योग्य क्रमातील यादी भाषेच्या अभ्यासकांनी तयार करावी. त्यांत ळ, क्ष, ज्ञ, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांच्या अडचणीच्या जागा मुद्दाम घ्याव्यात. जेथे कोशकारांत मतभेद असतील तेथे एक निवड करून ती जाहीर करावी. मग ती यादी चाचणी म्हणून सर्व मुक्त लायब्रऱ्यांच्या प्रकल्पांना मोफत द्यावी. या कामाला इमारत लागत नाही, महामंडळ लागत नाही. मराठीचे दोनचार प्राध्यापक आणि संगणकशास्त्राचे तितकेच विद्यार्थी एका उन्हाळ्याच्या सुटीत ते पुरे करू शकतील. वर्णमालेचा शासननिर्णय होऊन बरीच वर्षे लोटली. तो पाळला जातो की नाही, हे तपासण्याचे साधन आता तरी तयार व्हावयास हवे.